न सांगितलेला पासवर्ड

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने लातूरच्या घराचा वरचा मजला रिकामा केला, सतरंज्या आणि बाकडी मांडली, आणि मुलींसाठी अभ्यासिका सुरू केली. लातुरात अभ्यासिकांना तोटा नाही. पण आक्काकडे येणाऱ्या पोरी डॉक्टर व्हायला आलेल्या नव्हत्या. चाकूर, औसा, रेणापूरच्या बाजूच्या खेड्यांतून सकाळच्या एस.टी.ने यायच्या, पोलीस भरती, बँक, तलाठी अशा परीक्षांची तयारी करायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या.

यातल्या बऱ्याच परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात. एक पोर परीक्षा देऊन आली ती जिन्यातच बसून रडायला लागली. उत्तरं येत होती, पण माउस हातात नीट बसेना, भलत्याच ठिकाणी क्लिक झालं आणि पान पुढं गेलं. मागं कसं यायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. त्या दिवसापासून आक्काने कॉम्प्युटरचा ध्यास घेतला. भेटेल त्याला सांगायची. शेवटी आमच्या आतेभावाच्या मुलाने पुण्यात कुठेतरी शब्द टाकला आणि एका कंपनीने वापरातून काढलेले दहा-बारा लॅपटॉप खोक्यांत भरून लातूरला पाठवले. सोबत देणगीचं पत्रही होतं.

मला नांदेडला फोन आला.

"अगं, लॅपटॉप आले. पण सगळे मुके आहेत."

"मुके म्हणजे?"

"चालू होतात, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ लिहितात आणि गप्प बसतात. तू ये बाई."

नांदेडला माझा संगणकाचा क्लास आहे. वीसेक वर्षं झाली असतील. त्यामुळं ती ओळ काय असणार हे मला न बघताच कळलं. कंपन्या जुना लॅपटॉप देताना त्यातलं सगळं पुसून टाकतात. विंडोजही जातं. त्यात वाईट काही नाही. माझ्या क्लासातल्या जुन्या मशीनांवर मी कितीतरी वर्षं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, टाकत आले आहे. ते फुकट मिळतं, हलकं असतं, मराठीत चालतं आणि एकदा बसवलं की सहसा कुरकुर करत नाही. मी आक्काला म्हटलं, "एका दुपारचं काम आहे. येते रविवारी."

रविवारी लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून गेले. आक्काने पोरींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सगळ्या गोल करून बसल्या. मी पहिला लॅपटॉप उघडला, पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. तीच काळी पाटी, तीच ओळ. पेनड्राइव्हकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग सेटिंगमध्ये शिरायची कळ दाबली. पडद्याच्या मधोमध एक चौकट आली आणि त्याने पासवर्ड मागितला. दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा तसाच.

हे जरा समजावून सांगते. तेव्हा आक्कालाही असंच सांगितलं होतं. लॅपटॉपचं बटण दाबलं की विंडोज किंवा लिनक्स जागं होण्याआधी आणखी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवर नसतो, आतल्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतो. मशीन कुठून सुरू करायचं, डिस्कवरून की पेनड्राइव्हवरून, हे तो ठरवतो. या लॅपटॉपांना कंपनीने पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची मनाई केली होती, आणि ती मनाई उठवायची तर कंपनीचा पासवर्ड हवा होता. डिस्क पुसणाऱ्याने डिस्क पुसली. चिपमधला पासवर्ड काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नसावं.

"म्हणजे आपल्याला दिलेत, पण आपले झालेले नाहीत," आक्का म्हणाली.

पोरींनी चहा केला. मी त्यातले तीन लॅपटॉप पिशवीत घालून नांदेडला परतले.

त्यानंतरचे काही आठवडे मी त्या तीन मशीनांपुढं घालवले. जुन्या कॉम्प्युटरमध्ये बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून ठेवला की पासवर्ड पुसला जायचा. तो उपाय करून पाहिला. घड्याळाची वेळ तेवढी बिघडली, पासवर्ड होता तिथेच राहिला. मग डिस्क काढून माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, तिच्यावर लिनक्स बसवलं आणि ती परत जागच्या जागी घातली. तिन्हींपैकी एक लॅपटॉप जरा जुन्या बनावटीचा होता. तो सुरू झाला! जांभळट पडदा उजळला तेव्हा मी क्लासातल्या पोरांसमोर टाळी वाजवली. उरलेल्या दोन्हींनी मात्र लाल चौकट दाखवली. तिचा मतलब असा की या प्रोग्रॅमवरची सही, म्हणजे तो कुणी बनवला याची डिजिटल खूण, मला मान्य नाही, मी हा चालू करणार नाही. बहुतेक लॅपटॉप लिनक्सची सही मान्य करतात. नव्या मशीनांत कंपनीने तेवढीही फट ठेवली नव्हती. आक्काकडच्या खोक्यांत बहुतेक नवीच मशीनं होती.

वजिराबादेत एक हार्डवेअरवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याला दाखवलं. त्याने लॅपटॉप उलटा करून खालची पट्टी वाचली आणि आधी विचारलं, "मॅडम, कागज है ना इसका? हमारे पास चोरी का माल भी आता है." मी देणगीचं पत्र दाखवलं. मग तो म्हणाला, "चिप काढून, पुसून, परत डागून देतो. पण दोन-चार बोर्ड जातील. मग मला बोलू नका."

आक्काला विचारलं. तिने ठाम नकार दिला. "पोरींच्या नावानं आलेली वस्तू आहे. त्यातली एकही जाळायची नाही. ज्यांनी कुलूप लावलं त्यांनाच विचार ना."

खरं तर ते आधीच करायला हवं होतं. पण मोठ्या कंपनीला फोन करायचं मी टाळत होते. सरकारी कचेरीत या खिडकीतून त्या खिडकीत पाठवतात, तसं फोनवरही पाठवतात. आणि तसंच झालं. शेवटी एका मुलीशी गाठ पडली. आवाजावरून वीस-बावीसची असेल. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, कुठंतरी शोधलं आणि म्हणाली, "मॅडम, हे ज्या विभागाचे होते तो विभागच बंद झालाय. पासवर्ड नोंदीत दिसत नाही. जे सर हे काम बघायचे तेही आता नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे आहेत, पण कंपनीत नाहीत." मग आवाज खाली करून ती म्हणाली, "नंबर मला देता येत नाही. पण ते तुमच्याच बाजूचे होते. चाकूरचे. सगळ्यांना सांगायचे, आमच्याकडं ढाळे खायला या म्हणून."

आमच्याकडं ढाळे म्हणजे हिरव्या हरभऱ्याचे डहाळे. पुण्याच्या कंपनीत बसून लोकांना ढाळे खायला बोलावणारा माणूस मला तिथंच आवडून गेला.

आक्काने अभ्यासिकेत विचारलं, चाकूरकडची कोण कोण आहे गं? एक पोर उठली. पुण्याच्या कंपनीतले दादा? आमच्याच गावचे की. चाकूरहून थोडं आत. "पण ते आता घरूनच काम करायलेत. दिवसभर मीटिंगा चालतात त्यांच्या."

मला ते जरा विचित्र वाटलं. पण मग वाटलं, दुसरीकडं नोकरी लागली असेल. पुढच्या वेळी लातूरहून परतताना मी चाकूरला उतरले आणि त्या पोरीसोबत रिक्षाने तिच्या गावी गेले.

घर साधं, स्वच्छ. अंगणात त्याची आई तूर पाखडत होती. मी नमस्कार करून आत यायला लागले तसा तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला माय. मीटिंग चालू हाय त्याची." आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. तिने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. "लई काम असतंय बगा. सकाळी बसतंय ते दुपारपर्यंत उठत न्हाई. वडील गेले त्याचे, रान बटईनं देलंय. म्हनलं, तू कंपनी बग, रानाचं मी बगते."

मी थांबले. तिने सुशीला करून दिली, मुरमुऱ्यांची, भरपूर दाण्याचं कूट घातलेली. मी खात होते आणि ती अभिमानाने लेकाबद्दल सांगत होती. आतून काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी दार उघडलं. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. मी लातूरच्या अभ्यासिकेचं नाव काढलं, कंपनीच्या लॅपटॉपांचं सांगितलं, तसा त्याचा चेहरा एकदम पडला. आईकडे बघून तो घाईने म्हणाला, "मॅडम, आपण रानाकडं जाऊन बोलू. इथं नेटवर्क न्हाई नीट."

बोलायला नेटवर्क कशाला लागतं हे आईने विचारलं नाही. मीही नाही.

बांधावर गेल्यावर त्याने मागं वळून आई येत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "तुम्हाला तिथून कळालंच असेल. मला काढलंय. आमचा अख्खा विभागच काढला. घरी सांगितलं न्हाई."

"मग सकाळी दार लावून काय करता?"

"अर्ज करतो. मुलाखतीची तयारी करतो. कधी कधी नुसता बसतो." त्याने एक घाटा तोडला, सोलला आणि न खाता हातातच ठेवला. "गावात कंपनीत लागलेला मी पहिला. आई सगळ्यांना सांगते. तिला कसं सांगू?"

माझ्या क्लासात शिकून गेलेल्या किती पोरांचं असं झालं असेल, आणि त्यांच्या आया किती शेजाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प करत असतील, असं मनात येऊन गेलं. शेवटी मी ज्या कामाला आले होते तेच पुढं केलं.

"पासवर्ड आठवतो तुम्हाला?"

"आठवतो की. मीच ठेवला होता."

"मग सांगाल?"

"न्हाई ताई." हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "तो पासवर्ड फक्त तुमच्या लॅपटॉपांचा न्हाई. कंपनीतल्या सगळ्या मशीनांना तोच. आज तुम्हाला सांगितला, उद्या पोरींना ठाऊक, परवा कुणाला. तिथं अजून माणसं त्याच मशीनांवर काम करायलेत. मी निघताना सही करून आलोय, हे बाहेर बोलणार न्हाई म्हणून."

मला राग आला. उगीच कशाला लपवू? मी म्हटलं, "ज्यांनी तुम्हाला बाहेर काढलं त्यांचं कुलूप तुम्ही सांभाळताय?"

तो शांतपणे म्हणाला, "त्यांनी काढलं म्हणून मी बेइमान व्हायचं का?"

गरज आक्काच्या पोरींची खरी होती, पण त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. मग त्यानेच वाट काढली. कंपनीत सामानसुमानाचा हिशोब बघणारा विभाग वेगळा असतो, त्यांना आक्काने लिहायचं. आमच्याकडं देणगीचं पत्र आहे, मशीनं आम्हाला दिली आहेत, त्यावरचा पासवर्ड काढून द्या, एवढंच मागायचं. "तुमच्या मागण्यात काही चुकीचं न्हाई. पण दार त्यांनी उघडलं पायजे." त्याने मोबाइलवरच मजकूर तयार करून दिला. स्वतःचं नाव मात्र घालू दिलं नाही.

निघताना त्याची आई ढाळ्यांची पेंढी घेऊन रिक्षापर्यंत आली. "बहिनीला द्या. सायेब लोकांनला तिकडं असलं मिळत न्हाई." मी साहेब लोकांपैकी नव्हते, पण पेंढी घेतली.

आक्काने ते पत्र पाठवलं आणि वर स्वतःच्या चार ओळी जोडल्या. निवृत्त शिक्षिकेचं इंग्रजी, सगळं कसं काटेकोर. उत्तर येईना. तिने परत पाठवलं. परत पाठवलं. शाळेत असताना गृहपाठ न आणणाऱ्या पोराचा पिच्छा ती असाच पुरवायची. एके दिवशी उत्तर आलं. तिथल्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं की पासवर्ड काढायला कंपनीची हरकत नाही, पण इतक्या दूर माणूस पाठवणं जमणार नाही. आमचे एक पूर्वीचे सहकारी तुमच्याच भागात राहतात. ते तयार असतील तर त्यांनी स्वतः येऊन पासवर्ड काढावा, कोणाला सांगू नये. आम्ही त्यांच्याशी बोलतो.

म्हणजे आम्ही नाव घातलं नव्हतं तरी त्यांनाही तोच आठवला.

त्याच संध्याकाळी त्याचा मला फोन आला. आवाजात काहीतरी हललं होतं. "ताई, कंपनीतल्या माझ्या सरांचा फोन आला होता. काढल्यावर पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, तूच हे नीट करशील, दुसऱ्या कुणाला सांगवत नाही." मग म्हणाला, "शनिवारी येतो लातूरला."

शनिवारी तो आला, आणि सोबत त्याची आई. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तो जरा ओशाळून म्हणाला, "लातूरला मीटिंग हाय म्हणालो, तर ही म्हणाली मीबी येते. एकदा बगू दे तुझं काम."

आक्काने त्याच्या आईला, आमच्या मावशींना, खिडकीजवळ बसवलं. पिशवीतून हरभरे निघाले. आक्का आणि त्या घाटे सोलत बसल्या. पोरींनी लॅपटॉप ओळीने मांडले. तो पहिल्या लॅपटॉपपुढं बसला, पोरींना म्हणाला, "आता जरा तिकडं तोंड करा." पोरी हसत भिंतीकडे वळल्या. मीही वळले. मागून कळा दाबल्याचा आवाज आला. "बघा आता."

पडद्यावर सेटिंगचं पान उघडं होतं. इतके दिवस मी ज्याच्या बाहेर उभी होते ते पान. त्याने मला शेजारी बसवून दाखवलं. इथे जुना पासवर्ड काढून जागा रिकामी ठेवायची. इथे पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची परवानगी द्यायची. आणि इथे, लिनक्सची सही मान्य करायची. सहीची तपासणी बंद करायची नाही, फक्त आपल्याही सहीला यादीत घ्यायचं. "तपासणी चांगलीच असती ताई. कुणाला आत घ्यायचं हे मालकाला ठरवता आलं पायजे, एवढंच." मग माझा पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला. मराठीत 'स्वागत आहे' आलं आणि पोरींनी एकच गलका केला.

दुसऱ्या लॅपटॉपपासून पोरीच लिनक्स बसवायला लागल्या. तो पासवर्ड काढून देई, पुढचं त्या करत. परीक्षेतून रडत आलेली पोर सगळ्यांत पुढं होती. माउस इतका घट्ट धरला होता की तो म्हणाला, "अगं, पळून जाणार न्हाई ते, सैल धर."

मग तिनेच विचारलं. सहज, काम करता करता. "दादा, तुमच्या कंपनीत मुलींना घेतात का?"

त्याचे हात कळांवर थांबले. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"घेतात," तो म्हणाला. "चांगल्या शिकलेल्या पोरी होत्या आमच्याकडं. पण मी आता तिथं न्हाई. मला काढलंय. दिवाळीच्या आधीच."

त्या पोरीला आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं असावं, ती खाली बघायला लागली. तो आईकडे बघत नव्हता. मावशी घाटे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक हाय?"

"हेच. काम सुटलंय म्हनून." त्यांनी मूठभर दाणे वाटीत टाकले. "मीटिंगमधी मानूस कवातरी बोलतंय की रे. पुण्याहून सुट्टीला यायचास तवा दार लावून भांडायचास, हसायचास, इंग्रजी झाडायचास. आता निस्त्या मीटिंगावर मीटिंगा, अन् आतून चिमनीयेवढा आवाज न्हाई."

कुणीतरी पोर फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. पण तोही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. चष्मा काढून त्याने बाहीने डोळे पुसले.

"मग बोलली कामून न्हाईस? येनाऱ्या-जानाऱ्याला गप कर, मीटिंग हाय म्हन, हे कशाला?"

"मी इचारलं असतं तर तुला अजून एक खोटं बोलावं लागलं असतं. लोकांनला गप केलं, कारन कुनी काई इचारून तुला तरास देऊ नये." मग त्यांनी वाटी बाजूला सारली. "पर तू सांगायला पायजे हुतंस. माझ्यापाशी न्हाई सांगायचं तर कुनापाशी?"

आक्का उठली. ती अशा वेळी चहा टाकते. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघी उगाच कपबशा इकडच्या तिकडे करत राहिलो. बाहेर आलो तेव्हा तो आईजवळ जमिनीवर बसला होता आणि दोघं मिळून घाटे सोलत होते. पोरी शहाण्या. त्यांनी लॅपटॉपांत डोकी खुपसली होती.

एक लॅपटॉप तेवढा उघडला नाही. त्याच्या काही कळा मेल्या होत्या, त्यामुळं पासवर्डच टाकता येईना. बाहेरून दुसरा कीबोर्ड लावावा तर सुरू होताना तो ओळखेना. तो म्हणाला, पुढच्या वेळी नवीन कळा घेऊन येतो. पण मधल्या काळात एका पोरीचा लॅपटॉप हातातून पडून पडदा फुटला, आणि त्या मुक्या लॅपटॉपचा पडदा काढून तिकडं बसवला. बाकी सगळे आजही चालू आहेत.

त्या दिवसानंतर तो दर रविवारी आक्काकडे यायला लागला. आधी लॅपटॉपांचं काही बिघडलं तर म्हणून, मग पोरींना टायपिंग शिकवायला म्हणून. आक्काने त्याच्याविषयी शेजारच्या दोन अभ्यासिकांत सांगितलं. त्यांनी बोलावलं. एका पतसंस्थेनं जुनी मशीनं नीट करून घेतली. गावात काही दिवस बोलणी झाली. कंपनी सोडली का, काढलं का, असं लोक विचारायचे. मावशी सांगायच्या, "काडलं. मग?" त्या 'मग'च्या पुढं कुणाला जाता यायचं नाही.

पुण्याच्या सरांनी त्याचं नाव दोन ठिकाणी सुचवलं. एका मुलाखतीत शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि तिथं हुकला. तेव्हा चार दिवस तो अभ्यासिकेत आला नाही, फोनही उचलला नाही. मला वाटलं, परत दार लावून बसला की काय. मावशींना फोन केला तर म्हणाल्या, "बसलाय. पर दार उगडं हाय." पाचव्या दिवशी तो आपणहून आला. यावर्षी लातुरातच एका संस्थेत त्याला काम लागलं, शाळांच्या संगणकांची देखभाल बघायचं. पुण्यासारखं नाही, पण संध्याकाळी घरी पोचता येतं.

माउस सुटत नव्हता ती पोर पुढच्या परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिली. त्यानंतरच्या परीक्षेत लागली. आता ती परभणीला नोकरीला असते.

परवा मी लातूरला गेले होते. आक्काला माझी चाहूल लागली नाही, ती खाली अंघोळीला गेली होती. वर गेले तर तो आणि एक नवीन पोर मराठी कीबोर्डवरून तावातावाने वाद घालत होते. तिचं म्हणणं असं की 'ज्ञ' काढायला इतक्या कळा दाबाव्या लागतात हे चूकच आहे, आणि तो तिला सांगत होता की मग तू स्वतः नवीन मांडणी कर, लिनक्समध्ये करता येते, मी दाखवतो. मी खुर्ची ओढून त्यांच्या मागे बसले आणि ते कसं करतात ते बघत राहिले, कारण मलाही ते येत नव्हतं.